सीव्हीत विशेषणं नकोत, केलेलं काम लिहा (कोकणातल्या मुलामुलींसाठी धागा)

परशुराम_घाट

लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी मनुष्यबळ विभागात आहे. निकाल लागले की चिपळूण, खेड, गुहागर, दापोली, पार मंडणगडपासून अर्ज येतात. पहिली चाळणी माझ्याकडे असते आणि ती करताना दरवर्षी जीव तुटतो. पोरं कामाची असतात, पण कागदावर ते दिसत नाही. म्हणून हा धागा.

साधारण दहातले बरेच सीव्ही असे असतात. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, त्यात आव्हानात्मक वातावरणात स्वतःच्या कौशल्यांचा कंपनीच्या प्रगतीसाठी उपयोग करण्याची इच्छा. खाली मार्कांचा तक्ता. मग ‘स्ट्रेंग्थ’ म्हणून हार्डवर्किंग, सिन्सिअर, पॉझिटिव्ह थिंकिंग. मग छंद: क्रिकेट, गाणी ऐकणे. मग वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, जात, अविवाहित. शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ आणि सही. एवढं सगळं वाचूनही समोरच्याला काय येतं याचा पत्ता लागत नाही.

मागे एका आयटीआयच्या मुलाला मुलाखतीत सहज विचारलं, सुट्टीत काय करतोस? म्हणाला, मामाच्या काजूच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंटच्या हाताखाली असतो. काजू वाफवायची वेळ, प्रेशर गेज, वॉटर लेव्हल, ब्लोडाउन (बॉयलरमधलं गाळाचं पाणी सोडणं) कधी करायचं, सगळं धडाधड सांगितलं. आमच्या युटिलिटीच्या (वाफ-पाणी-वीज बघणाऱ्या विभागाच्या) माणसाला ते ऐकून आनंद झाला. आणि सीव्हीत त्यातला एक शब्द नव्हता. कारण विचारलं तर म्हणे, ‘ते घरचं काम, त्याचा पगार नव्हता, सर्टिफिकेटही नाही.’

हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचंय. काम घरचं असो, बिनपगारी असो, हंगामी असो, तुम्ही ते केलंय ना? मग लिहा. कुठे, कधीपासून कधीपर्यंत आणि नेमकं काय केलं. ‘मामाचा काजू प्रक्रिया व्यवसाय, उन्हाळी हंगाम 2023 व 2024, बॉयलर अटेंडंटचा मदतनीस’ असं सरळ. सर्टिफिकेट नाही म्हणून लाजू नका. फक्त मदतनीस असाल तर मदतनीसच लिहा, अटेंडंट लिहू नका. बॉयलरला कायद्याने पात्रतेचा दाखला लागतो आणि तो आम्ही मागतोच.

आता मी वाचतो कसा ते सांगतो. आधी पाहतो कुठल्या पदासाठी अर्ज आहे. हेच बऱ्याच जणांनी लिहिलेलं नसतं! ‘कोणतीही सुटेबल जॉब’ असं लिहिलेला कागद कुठल्याच फाइलमध्ये बसत नाही. मग ट्रेड किंवा पदवी. एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट), एमएमसीपी (मेंटेनन्स मेकॅनिक केमिकल प्लांट), लॅब असिस्टंट केमिकल प्लांट, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, बी.एस्सी. केमिस्ट्री, जे असेल ते नावाखालीच हवं, दुसऱ्या पानावर नको. अप्रेंटिसशिप केली असेल तर ती शिक्षणाच्या तक्त्यात लपवू नका, अनुभवात घ्या. ते एक वर्ष तुम्ही शॉप फ्लोअरवर काढलेलं असतं. कुठला प्लांट, किती केएलचा (किलोलिटरचा) रिअ‍ॅक्टर, ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर असलेला) की एसएस (स्टेनलेस स्टील), सेंट्रिफ्यूज चालवलात का, चार्जिंगला (रिअ‍ॅक्टरमध्ये माल भरायला) होता का, लॉगशीट भरत होता का. अशा दोन-चार ओळी असल्या की प्रॉडक्शनचे साहेब स्वतःहून म्हणतात, याला बोलवा.

मशीनच्या बाबतीत एक पथ्य पाळा. पाहिलंय, कुणाच्या देखरेखीखाली चालवलंय आणि एकट्याने चालवलंय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजात सरांनी एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लांबून दाखवलं असेल तर ‘एचपीएलसी: प्रात्यक्षिक पाहिले’ एवढंच लिहा. ‘एचपीएलसीचे ज्ञान’ असं लिहिलंत की क्यूसीवाले (गुणवत्ता तपासणारे) पहिला प्रश्न मोबाइल फेजचा (यंत्रातून सोडायच्या द्रावणाचा) विचारतात आणि पोरगं घामाघूम होतं. प्रामाणिक ओळ कधी नडत नाही.

बाकीचं भराभर. नवशिक्याला एक पान पुरे, अनुभवी माणसाला दोन. ताजं काम वर, जुनं खाली. वडिलांचं नाव, धर्म, जात, आधार नंबर, पॅन नंबर आणि शेवटची ‘माहिती खरी आहे’ ही ओळ सीव्हीत घालू नका. हे कागद कुठे-कुठे फिरतात ते तुम्हाला कळतही नाही. फाइल पीडीएफ करा आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव व पद येऊ द्या. ‘न्यू बायोडाटा फायनल 2’ नावाची फाइल माझ्या संगणकात हरवते.

आणि फोन! आपल्याकडे निम्म्या वाड्यांत रेंज नाही. मी कॉल करतो तर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. दोनदा लागला नाही की पुढच्या नावाला फोन जातो. म्हणून दुसरा नंबर द्या, ज्याच्या घरी रेंज येते त्याचा, आणि त्याला सांगून ठेवा. ‘फोन न लागल्यास व्हॉट्सअ‍ॅप करावे’ ही ओळही चालते. पत्त्यात मु. पो. पासून सगळं नको, गाव आणि तालुका पुरे. मात्र लांबून अर्ज करत असाल तर ‘लोटे परिसरात राहण्याची तयारी’ किंवा ‘तिन्ही शिफ्टची तयारी’ हे आवर्जून लिहा, कारण ते आम्ही विचारतोच.

कुणाला आपला सीव्ही दाखवायचा असेल तर नाव, नंबर काढून इथे टाका. जमेल तसं उत्तर देतो.

वेळणेश्वरची

दादा, खूप गरजेचा धागा. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, यंदाच पास झाले. क्यूसीसाठी अर्ज करायचाय. माझ्याकडे अनुभव काहीच नाही. सीव्हीत ‘प्रोजेक्ट: पाण्याचे विश्लेषण’ आणि ‘स्किल्स: गुड लॅबोरेटरी स्किल्स, क्विक लर्नर’ एवढंच आहे. अजून काय लिहू शकते?

परशुराम_घाट

@वेळणेश्वरची, प्रोजेक्टमध्ये काय-काय केलंत ते सविस्तर सांगा. पाणी कुठलं, किती नमुने, कुठल्या टेस्ट?

वेळणेश्वरची

आमच्या किनाऱ्याकडच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, म्हणून तोच विषय घेतला होता. समुद्राजवळच्या आणि वरच्या वाडीतल्या मिळून बारा विहिरी. जानेवारी आणि मे असे दोन वेळा नमुने घेतले. क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने, कठीणपणा ईडीटीएने, शिवाय पीएच आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). मैत्रीण होती बरोबर, पण टायट्रेशन सगळी मी केली. द्रावणं पण मीच बनवायचे. एक्सेलमध्ये आलेख काढले होते.

परशुराम_घाट

अहो ताई, हाच तर अनुभव! आता बघा, मी तुमच्याच शब्दांतून लिहितो, इंग्रजी तुम्ही करा:

‘अंतिम वर्षाचा प्रकल्प: किनाऱ्यालगतच्या 12 विहिरींतील पाण्याची हंगामी तुलना. जानेवारी व मे मिळून 24 नमुने गोळा केले. क्लोराइड (सिल्व्हर नायट्रेट टायट्रेशन), एकूण कठीणपणा (ईडीटीए टायट्रेशन), पीएच, टीडीएस या चाचण्या स्वतः केल्या. प्रमाण द्रावणे तयार करून प्रमाणित केली. नोंदी व आलेख एक्सेलमध्ये.’

‘प्रमाणित केली’ हे खरं असेल तरच ठेवा. ईडीटीए स्टँडर्डाइज केलं होतं का, म्हणजे द्रावणाची नेमकी तीव्रता तपासून ठरवली होती का? केलं असेल तर ती ओळ सोन्याची आहे, कारण आमच्या लॅबमध्ये नव्या माणसाला पहिलं काम तेच मिळतं. निष्कर्षाची एक ओळही घाला: मे महिन्यात कुठल्या विहिरींत क्लोराइड वाढलं. त्यातून कळतं की तुम्ही आकडे नुसते भरले नाहीत, त्यांच्याकडे पाहिलंतही.

‘क्विक लर्नर’ काढून टाका. गरज उरली नाही.

वेळणेश्वरची

हो, झिंक सल्फेटच्या द्रावणाने स्टँडर्डाइज केलं होतं. समुद्राकडच्या विहिरींत मे महिन्यात क्लोराइड स्पष्ट वाढलेलं होतं, वरच्या वाडीत फारसा फरक नाही. हे सगळं जर्नलमध्ये पडून होतं. खूप आभार.

स्टँडजवळचं_झेरॉक्स

माझं एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पोरं येतात ती गाडी सुटायला वीस मिनिटं असताना. ‘दादा, उद्या इंटरव्ह्यू आहे, त्या पोराचा केलात तसाच माझाही करून द्या.’ मग आधीच्या फाइलवर नाव, मार्क, गाव बदलायचं आणि प्रिंट द्यायची. वेगळं काही विचारायला वेळच नसतो. म्हणून एका गावातल्या सगळ्या पोरांचा ऑब्जेक्टिव्ह एकच असतो.

धागा वाचून काउंटरवर एक कोरा कागद लावलाय. टायपिंगआधी एवढं लिहून आणा म्हणून: कुठल्या पदासाठी, आजवर कुठे-कुठे हातभार लावला, कुठली मशीन किंवा सॉफ्टवेअर स्वतः वापरलं, कुठले परवाने आहेत. काल एका मुलीने त्यावर लिहिलं की पतपेढीत दोन वर्षं पिग्मी गोळा करत होती. त्या ओळीमुळे तिचा सीव्ही वेगळाच झाला. रोजची वसुली, घरोघरचे खातेदार, रात्रीचा ताळा, सगळं त्यात आलं.

पोरांना एक विनंती. छापून झाल्यावर फाइल स्वतःच्या मेलवर घ्या. दुकानातल्या संगणकावर तुमचा नंबर आणि पत्ता ठेवू नका, पुढच्या वेळी दुरुस्तीही घरबसल्या होते.

परशुराम_घाट

@स्टँडजवळचं_झेरॉक्स, दादा, तुमचा हा कागद प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर लागायला हवा. मनापासून सांगतो.

खाडीपट्टा

मी खेड तालुक्यातला. सौदीत पाइप फिटर होतो, नंतर कतार. मध्ये दोन वर्षं घरी, वडील आजारी होते. आता परत जायचंय, नाही जमलं तर इथे लोट्यात बघेन. गॅप कसा दाखवू? एजंट म्हणतो मधली वर्षं एखाद्या कंपनीच्या नावाने भरून टाक, तो लेटर देईल.

परशुराम_घाट

@खाडीपट्टा भाई, ते लेटर घेऊ नका. इथल्या कंपन्या आता यूएएन नंबरवरून पीएफचा नोकरीचा इतिहास पाहतात. सीव्हीत कंपनी आहे आणि पीएफमध्ये नाही, की प्रश्न सुरू. आणि एक खोटी ओळ सापडली की तुमच्या खऱ्या वर्षांवरही संशय येतो, ते फार वाईट.

गॅपची ओळ साधी असते: ‘2022 ते 2024: कौटुंबिक जबाबदारीमुळे गावी.’ झालं. आजाराची कहाणी लिहायची नाही, मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांगायची. त्या काळात शेड बांधली, गावच्या नळपाणी योजनेच्या पाइपचं काम केलं, असं काही असेल तर तेही लिहा.

तुमच्या कामात महत्त्वाचं काय असतं ते जाणकारांनी सांगावं.

तीन_हंगाम_जुबेल

@खाडीपट्टा, फिटरच्या सीव्हीत मी हे लिहितो: प्रोजेक्टचा प्रकार (रिफायनरी, एलएनजी, पॉवर), नवीन बांधकाम की शटडाउन (प्लांट बंद ठेवून दुरुस्ती), पाइपचं मटेरियल (सीएस म्हणजे कार्बन स्टील, एसएस, अलॉय), किती इंचापर्यंत, आयसोमेट्रिक ड्रॉइंग वाचता येतं का, हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाने पाइप तपासायला) होतास का, परमिट सिस्टीम (कामाआधी लेखी परवानगी घेण्याची पद्धत) माहीत आहे का. कंपनीचं मोठं नाव असेल आणि तू तिच्या ठेकेदाराकडे असशील तर दोन्ही नावं लिही. तिकडे फोटो आणि जन्मतारीख मागतात, तर ती द्यायला हरकत नाही. पासपोर्टची मुदत कधी संपते ते लिही, पण पासपोर्ट नंबर प्रत्येकाला वाटत फिरू नको. निवड झाल्यावर दे.

एजंट परवानाधारक आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. पासपोर्ट हातात देण्याआधी ते बघच. दहावी नसेल आणि पासपोर्ट ईसीआर (इमिग्रेशन तपासणी आवश्यक) असेल तर आखातात जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तेही लक्षात ठेव.

तांडेलाचा_नातू

बोटीवरच्या नोकरीचंही लिहितो, कारण रत्नागिरी-गुहागर पट्ट्यातली बरीच पोरं मर्चंट नेव्हीत जातात आणि तिथला सीव्ही पूर्ण वेगळा असतो. तिथे जहाजावरच्या सेवेचा तक्ता हाच सीव्ही. जहाजाचं नाव, प्रकार (टँकर, बल्क, कंटेनर), टनेज, इंजिन साइडला असाल तर इंजिनाचा मेक आणि पॉवर, तुमची रँक, साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा. या तारखा सीडीसीतल्या (खलाशाच्या सेवापुस्तकातल्या) शिक्क्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. वर इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक), सीडीसीची मुदत, एसटीसीडब्ल्यू कोर्सेस (खलाशांचं आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचं प्रशिक्षण) कधीपर्यंत वैध आहेत ते. वर्णन करायला जागाच नसते, आणि मास्टरला (कप्तानाला) ते नकोही असतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कृपा करून लक्ष द्या. भरती करणाऱ्या कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीच्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर तपासा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाने बंद आहे. लाखात रक्कम मागणारा माणूस तुमचा सीव्ही कितीही गोड बोलून घेत असला तरी देऊ नका. आमच्या वाडीतल्या एका घराने कलमांची बाग गहाण टाकलीय अशा माणसापायी. अजून सोडवता आलेली नाही.

आंबेवाली

नमस्कार. मी रत्नागिरीजवळ राहते. बी.कॉम. आहे, लग्नाआधी एका सीएंकडे होते. मग दहा-बारा वर्षं घरीच. आता मुलं मोठी झाली, शहरात ऑफिसमध्ये नोकरी करायचीय. पण मधल्या काळासमोर काय लिहायचं या विचारानेच अर्ज राहतो. ‘गृहिणी’ लिहिलं तर कोण बोलावणार? आमची हापूसची बाग आहे, तिचं थोडंफार बघते इतकंच.

मिऱ्याबंदर

@आंबेवाली ताई, मी एका मासळी प्रक्रिया युनिटमध्ये क्वालिटीला आहे. ‘थोडंफार बघते’ म्हणजे नेमकं काय बघता? काढणीला माणसं कोण लावतं? पेट्या कोण मोजतं? वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) कोण तपासतं? पैसे कोणाच्या सहीने निघतात?

आंबेवाली

माणसं हे लावतात. बाकी पेट्यांचा हिशेब, मजुरांची हजेरी आणि मजुरी, खोके-गवताची खरेदी, वाशीच्या पट्ट्या तपासणं माझ्याकडे. पट्टीत भाडं-हमाली चुकीची कापली असेल तर फोन करून मीच भांडते. गेली काही वर्षं पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतो. त्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेणं, पैसे आले का बघणं, कुरिअर किंवा ट्रॅव्हल्सला माल लावणं, खराब निघालेल्या फळांचं गिऱ्हाइकाला काय द्यायचं ते ठरवणं. वही ठेवते, दोन वर्षांपासून एक्सेलमध्ये. जीआय टॅगसाठी (भौगोलिक मानांकनासाठी) नोंदणी केली तेव्हाचे कागद मीच जमवले होते.

मिऱ्याबंदर

ताई, तुम्ही आत्ता लिहिलंत ते एखाद्या डिस्पॅच आणि अकाउंट्स असिस्टंटचं कामाचं वर्णन आहे! ‘गृहिणी’ हा शब्द सीव्हीत हवाच कशाला? असं लिहा:

‘कौटुंबिक आंबा व्यवसाय, रत्नागिरी. हिशेब, ऑर्डर व माल पाठवणीची जबाबदारी. मजुरांची हजेरी व मजुरीवाटप. घाऊक बाजाराच्या पट्ट्यांची तपासणी व तफावतीचा पाठपुरावा. थेट ग्राहकांच्या ऑर्डर, वसुली, वाहतूक व तक्रार निवारण. नोंदी एक्सेलमध्ये.’ त्याच्या खाली सीएंकडचं काम.

हंगामात किती पेट्या जातात, किती थेट गिऱ्हाइकं आहेत, हे आकडे तुमच्या वहीत असतील. वहीतूनच काढा, अंदाजे लिहू नका. मुलाखतीत वही दाखवायची वेळ आली तर दाखवता आली पाहिजे. आणि एक करा, टॅली आणि जीएसटीची उजळणी करून घ्या. सीएंकडे होतात तेव्हा जीएसटी नसेल, तो 1 जुलै 2017 ला लागू झाला. हे विचारतीलच. शिकत असाल तर ‘सध्या शिकत आहे’ असं लिहिलंत तरी चालेल.

आमच्या युनिटमध्ये येणाऱ्या मुलींनाही हेच सांगतो. कोळंबी सोलली, ग्रेडिंग केलं, ब्लॉक (लादीत गोठवणं) आणि आयक्यूएफ (एकेक नग सुटा गोठवणं) दोन्ही लाइनवर होते, कोल्ड स्टोअरचं उणे 18 चं तापमान लॉगमध्ये लिहायचे, एचएसीसीपीचं (अन्नसुरक्षेच्या पद्धतीचं) ट्रेनिंग झालंय. हे सगळं ‘फिश कंपनीत काम’ या तीन शब्दांत कोंबतात. कॅनिंगवाल्यांचंही तेच. रिफ्रॅक्टोमीटरवर पल्पचा ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) रोज घेणारी मुलगी सीव्हीत ‘हेल्पर’ लिहिते. पद हेल्परचं असेल तर पद तेच लिहा, पण खाली काम लिहा.

निवृत्त_शाखाधिकारी

चर्चा उत्तम. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. वडिलांचं नाव आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र काढून टाकावं हे मला पटत नाही. आपल्याकडे घराणं, गाव यावरून माणसाची ओळख पटते. बँकेत, पतसंस्थेत, शाळेत लोक अजून ते पाहतात. ‘माहिती खरी आहे’ यावर सही करताना मुलाला जबाबदारी जाणवते.

परशुराम_घाट

काका, तुमचा अनुभव मोठा आहे. स्थानिक पतसंस्थेला किंवा शिक्षणसंस्थेला मराठीत अर्ज करताना पूर्ण नाव, गाव लिहिण्याची रीत आहे, ती पाळावी. सरकारी भरतीत तर सीव्ही नसतोच, त्यांच्या अर्जाचा नमुना असतो आणि त्यातले सगळे रकाने जसेच्या तसे भरायचे असतात. तिथे एमएस-सीआयटी, टायपिंगची गती, जातीचा दाखला सगळं लागतं.

पण कारखान्याच्या निवडीत मला मुलाचं घराणं कळूच नये असं मला ठामपणे वाटतं. आडनाव वाचून मत बनवणारे लोक आहेत आणि ते आपण सगळे जाणतो. सीव्हीतली ती जागा मुलाच्या कामाला मिळू दे. खरेपणाची सही आम्ही निवडीनंतर आमच्या फॉर्मवर घेतोच.

निवृत्त_शाखाधिकारी

कारखान्यापुरतं मान्य. आडनावाचा मुद्दा खरा आहे.

कुडाळी_मालवणी

बरा लिवलंत हां! आमच्या सिंधुदुर्गातली पोरां आता हॉटेल-रिसॉर्ट, होमस्टे, स्कुबा ह्याच्यातच जास्त. त्यांच्यासाठी थोडा सांगतंय, पुढे सगळ्यांना समजेल असं लिहितो.

पर्यटनात कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे सीव्हीत दर वर्षी चार महिन्यांची मोकळी जागा दिसते आणि मुंबई-गोव्याचे लोक विचारतात, नोकरी टिकत नाही का? म्हणून ‘हंगामी, सलग तीन हंगाम एकाच ठिकाणी’ असं स्पष्ट लिहा. मालकाने तुम्हाला परत-परत बोलावलं हीच तुमची शिफारस. पावसात भातलावणी केलीत, खानावळ सांभाळलीत, ते लिहायलाही हरकत नाही.

परवाने आणि कोर्स वर घ्या. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचा पॉवरबोट किंवा लाइफगार्डचा कोर्स, तारकर्लीच्या स्कुबा संस्थेतलं प्रशिक्षण, डायव्हिंगची लेव्हल आणि लॉग केलेले डाइव्ह. भाषा तर सोडूच नका. मालवणी, मराठी, हिंदी, कोंकणी, कामापुरतं इंग्रजी. पाहुण्यांशी बोलणाऱ्या माणसाला किती भाषा येतात याला आमच्या धंद्यात वजन आहे. बोलता येतं आणि लिहिता येतं हे वेगवेगळं दाखवा.

फोटोबद्दल: आमच्याकडे फ्रंट ऑफिसला मागतात. मागितला तर साध्या पार्श्वभूमीचा द्या, समुद्रकिनाऱ्यावरचा गॉगल लावलेला नको.

बाजारपेठ_चिपळूण

माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान 22 जुलै 2021 च्या पुरात गेलं. छतापर्यंत पाणी होतं. परत उभं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आता नोकरी शोधतोय, सर्व्हिस सेंटर किंवा कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काही. स्वतःचं दुकान होतं आणि बंद पडलं, हे लिहिलं की लोकांना वाटेल याला धंदा जमला नाही. सर्टिफिकेटंही भिजून गेली.

परशुराम_घाट

त्या पुराचं चिपळुणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘स्वतःचे मोबाइल दुरुस्ती केंद्र, 2015 ते 2021, जुलै 2021 च्या पुरात बंद’ असं वर्षांसकट लिहा, तुमची वर्षं असतील ती घाला. बाहेरच्या माणसालाही कारण कळतं. खाली काम: चिप लेव्हल की फक्त डिस्प्ले-बॅटरी, सोल्डरिंग, हॉट एअर रिवर्क, मल्टिमीटरवर फॉल्ट शोधणं, सुट्या भागांची खरेदी, हाताखाली किती पोरं शिकली. दुकान चालवलेला माणूस गिऱ्हाइकाशी बोलू शकतो, स्टॉक सांभाळू शकतो, हे सर्व्हिस सेंटरला हवंच असतं.

गुणपत्रिकांची दुय्यम प्रत बोर्ड आणि विद्यापीठ देतं. अर्ज आधी करून ठेवा, निवड झाल्यावर धावपळ नको. तोवर ‘दुय्यम प्रतीसाठी अर्ज केला आहे’ हे सांगता येतं.

सडा_आणि_कातळ

दोन प्रश्न. एक, मोबाइलवर मिळणारे रंगीत टेम्प्लेट घ्यावेत का? डाव्या बाजूला पट्टी, स्किलला पाचपैकी चार स्टार वगैरे. दोन, हल्ली एआयला सांगितलं की सीव्ही तयार होतो, ते चालतं का?

परशुराम_घाट

रंगीत टेम्प्लेट टाळा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, चौकटी, चित्रात लिहिलेला मजकूर असला की ते गोंधळतं, अनुभवाची वर्षं भलतीकडे जातात. एक रकाना, साधा फाँट, जाड अक्षरात शीर्षकं. जाहिरातीत ‘डीसीएस ऑपरेटर’ (संगणकावरून प्लांट चालवणारा) लिहिलं असेल आणि तुम्ही ते काम केलं असेल तर तुमच्या कागदावरही ‘डीसीएस’ हाच शब्द हवा. आणि चार स्टार म्हणजे किती, हे मला कधी कळलेलं नाही. ‘एक्सेल: व्हीलूकअप, पिव्होट वापरतो’ हे कळतं.

एआयबद्दल: इंग्रजी सुधारायला जरूर वापरा. आपल्या मुलांचं इंग्रजीवाचून अडतं, त्यात मदत मिळत असेल तर चांगलंच आहे. मात्र आधी तुमच्या ओळी मराठीत लिहा, कुठे, कधी, काय केलं ते, आणि मग त्यांचं सोपं इंग्रजी करून घ्या. नुसतं ‘केमिस्टचा सीव्ही बनव’ म्हटलंत तर ते तुम्ही न केलेली कामंही लिहून देतं. प्रत्येक ओळ वाचा, आणि ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येणार नाही ती काढा.

वेळणेश्वरची

दादा, अजून एक. मेलमध्ये काय लिहायचं? सीव्ही जोडून नुसता पाठवला तर चालतो का?

परशुराम_घाट

नुसता नको. विषयात पद आणि नाव लिहा: ‘क्यूसी केमिस्ट पदासाठी अर्ज’, पुढे तुमचं नाव. आत चार-पाच ओळी पुरेत. जाहिरात कुठे पाहिलीत, शिक्षण काय, त्या विहिरींच्या प्रकल्पाचं एक वाक्य, शिफ्टची तयारी, कधीपासून रुजू होऊ शकता. खाली दोन्ही फोन नंबर. एकाच मेलमध्ये दहा कंपन्यांचे पत्ते टाकू नका, ते सगळ्यांना दिसतात. पाठवण्याआधी स्वतःलाच एकदा पाठवा आणि मोबाइलवर उघडून बघा, कारण मी निम्मे सीव्ही येता-जाता मोबाइलवरच उघडतो.

आठवड्याभरात काही कळलं नाही तर कामाच्या वेळेत एकदा फोन करायला संकोच करू नका. थेट मुलाखतीला आलात तर छापील दोन प्रती, मूळ कागद आणि झेरॉक्सचा वेगळा संच आणा. गेटवर एक प्रत सिक्युरिटी ठेवून घेते, आणि आत येईपर्यंत मुलांच्या हातात काहीच उरत नाही.